तुलना कशाशी? स्टेडियमच्या काठावरचं एक संकुल आणि माझा फसलेला मसुदा

गेल्या पोस्टमध्ये आपण विषय आणि संशोधन-प्रश्न यांतला फरक पाहिला. त्यानंतर सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "मला एका मॉलवर टीकात्मक काम करायचंय. आधी थिअरी वाचू की आधी मॉलमध्ये जाऊन बसू?" प्रश्न साधा वाटतो, पण याच ठिकाणी मी स्वतः एक सबंध सेमिस्टर घालवलं आहे. म्हणून सरळ उत्तर न देता माझाच एक परत आलेला मसुदा तुमच्यासमोर ठेवते. तो ज्या जागेबद्दल होता तिची समीक्षाही यात होऊन जाईल. तेव्हा मी ती नीट केली नव्हती.

मी फिलाडेल्फियात पीएचडी करते आहे. शहरातली करमणुकीची ठिकाणं कोण बांधतं आणि त्यातून कोणाच्या हाती काय लागतं, हा माझा विषय. पहिल्या वर्षी मी एक सोपी केस निवडली. म्हणजे मला ती सोपी वाटली. दक्षिण फिलाडेल्फियातल्या स्टेडियमच्या शेजारी एक खाण्यापिण्याचं आणि करमणुकीचं संकुल आहे. २०१२ साली ते 'एक्सफिनिटी लाइव्ह!' या नावाने उघडलं. २०२५ मध्ये नाव बदललं आणि आता ते 'स्टेटसाइड लाइव्ह!' झालं आहे. पहिलं नाव इंटरनेट-केबलच्या ब्रँडचं, दुसरं व्होडकाच्या.

जागा कशी आहे

शहराच्या मध्यातून दक्षिणेकडे जाणारी सबवे पकडायची आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहायचं. हे स्टेशन १९७३ साली पॅटिसन या रस्त्याच्या नावाने सुरू झालं. २०१० मध्ये त्याला टेलिफोन कंपनीचं नाव लागलं आणि २०१८ मध्ये वीज कंपनीचं. जिना चढून वर आलात की मागे राहिलेलं शहर, म्हणजे एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, कोपऱ्यावरचे बार, शाळा, चर्च, सगळं संपलेलं असतं. समोर तीन अवाढव्य इमारती दिसतात: अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम (२००३), बेसबॉलचं स्टेडियम (२००४) आणि आइस हॉकी व बास्केटबॉलचा बंदिस्त अरीना (१९९६). त्यांच्या मध्ये आणि भोवती पार्किंग पसरलेलं. सामना नसलेल्या दिवशी ते इतकं रिकामं असतं की चालताना आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो.

हे संकुल स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पूर्वी स्पेक्ट्रम नावाचा अरीना होता. तो १९६७ मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये बंद पडला आणि पुढच्या दोन वर्षांत पाडला गेला. फ्लायर्स या हॉकी संघाने १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा त्यांचं घर म्हणजे स्पेक्ट्रम. धसमुसळ्या खेळामुळे त्या संघाला 'ब्रॉड स्ट्रीट बुलीज' म्हणत. संकुल उघडलं तेव्हा आतल्या एका पबला तेच नाव दिलं गेलं आणि एका रेस्टॉरंटला स्पेक्ट्रमचं. आत एक मोठा सामायिक हॉल, त्यात भिंतभर पडदा, भोवती वेगवेगळ्या धाटणीचे बार. एक काउबॉय धाटणीचा, ज्यात स्वार होऊन पडण्यासाठी यांत्रिक बैल. एक बीअर हॉल. बाहेर पटांगण आणि स्टेज. मालकी दोघांची: बाल्टिमोरची कॉर्डिश ही विकासक कंपनी आणि कॉमकास्ट स्पेक्टाकोर. यातली दुसरी कंपनी शेजारच्या अरीनाची आणि फ्लायर्स संघाचीही मालक आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी काय केलं होतं

मी थिअरीपासून सुरुवात केली. जॉन हॅनिगन यांचं १९९८ सालचं 'फँटसी सिटी' हे पुस्तक या विषयावर हमखास वाचलं जातं. करमणुकीसाठी बांधलेल्या अशा नगरभागांची काही लक्षणं त्यांनी सांगितली आहेत: सगळं एखाद्या थीमवर बेतलेलं असतं, ब्रँडिंग आक्रमक असतं, दिवसरात्र चालू असतं, ठरावीक घटक जुळवून उभं केलेलं असतं आणि आजूबाजूच्या वस्तीशी फटकून असतं. मी यादी घेतली, संकुलात गेले आणि एकेका लक्षणापुढे बरोबरची खूण करत सुटले. थीम? आहे. ब्रँडिंग? नावातच आहे. फटकून? अर्थात! मग मी भाषा चढवली. सार्वजनिक जागेचा मृत्यू, नागरिकाचा ग्राहक होणं, कृत्रिम स्मृती. चाळीस पानं झाली. मला वाटलं, चला, एक चॅप्टर हातावेगळा झाला.

गाइडने तो परत दिला. आत दुरुस्त्या जवळजवळ नव्हत्याच. पहिल्या पानाच्या समासात दोन शब्द होते: "तुलना कशाशी?"

आठवडाभर मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग मसुदा घेऊन बसले आणि माझ्या तीन मोठ्या आरोपांना एकेक करून तोच प्रश्न विचारला.

पहिला आरोप: या संकुलाने लोकांची जागा बळकावली. कोणाची? तिथे आधी वस्ती नव्हती, बंद पडलेला अरीना होता. कोणाचं घर गेलं नाही, कोणाचं दुकान गेलं नाही. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या पुस्तकांत वाचलेलं विस्थापन मी इथे कॉपी-पेस्ट केलं होतं.

दुसरा आरोप: इथे खरं सार्वजनिक जीवन संपवून नकली उभं केलंय. पण २०११ मध्ये याच जागेवर काय होतं? पाडकाम. थंडीत सबवेने येणाऱ्या माणसाला सामन्याआधी आत बसायला, मित्राची वाट बघायला स्टेडियमच्या फाटकाबाहेर फारसं काही नव्हतं. त्या मानाने छप्पर, उबदार हवा, स्वच्छतागृह आणि तिकीट नसतानाही मोठ्या पडद्यावर सामना बघायची सोय, ही सुधारणाच म्हणायला हवी. समीक्षकाने ती कबूल केली पाहिजे, नाहीतर वाचक पुढचं काही मानणार नाही.

तिसरा आरोप जरा वेगळा होता. हॅनिगनच्या यादीतल्या "दिवसरात्र चालू" या लक्षणापुढेही मी खूण केली होती. तिथे मी चक्क डोळे मिटले होते. साधं गणित करा. नेहमीच्या मोसमात घरच्या मैदानावर बेसबॉलचे ८१ सामने, हॉकीचे ४१, बास्केटबॉलचे ४१ आणि फुटबॉलचे ८ किंवा ९. बेरीज १७१ किंवा १७२. काही सामने एकाच दिवशी येतात, म्हणजे दिवस त्याहून कमी. सराव सामने, बाद फेऱ्या आणि संगीताचे मोठे कार्यक्रम धरले तरी वर्षातले कितीतरी दिवस कोरडे राहतात. आणि चार मोठे संघ एकाच ठिकाणी असलेल्या शहराची ही गत! हे संकुल दिवसरात्र चालणारी मायानगरी नव्हे. ते सामन्यांच्या वेळापत्रकाला दावणीने बांधलेलं आहे. मी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा सामन्याच्या संध्याकाळी. पुढे फेब्रुवारीतल्या एका सामना नसलेल्या संध्याकाळी गेले, तेव्हा तो एवढा मोठा पडदा जवळजवळ खुर्च्यांसाठीच चालू होता. ती एक भेट आधीच्या चाळीस पानांपेक्षा जास्त शिकवून गेली.

मग खरी तुलना कुठे सापडली

गाइडच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचले, उत्तर फिलाडेल्फियात. तिथे लिहाय अव्हेन्यूवर १९०९ ते १९७० असं शाइब पार्क नावाचं बेसबॉल स्टेडियम होतं. आज त्या जागेवर मोठं चर्च आहे. ब्रूस कुकलिक या इतिहासकाराने १९९१ मध्ये या एका स्टेडियमवर आणि भोवतालच्या शहरावर सबंध पुस्तक लिहिलं. केस स्टडी कशी लिहावी हे बघायचं असेल तर मिळवून वाचा.

शाइब पार्क वस्तीच्या मधोमध होतं. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे विसावा रस्ता आणि त्यावर रो-हाऊसची ओळ. भिंत बुटकी असल्यामुळे त्या घरांच्या गच्च्यांवरून सामना दिसायचा. घरमालकांनी गच्चीवर बाकडी टाकली आणि जागा विकायला सुरुवात केली. क्लबला हे खुपणारच. अखेर १९३५ च्या मोसमाआधी मालकांनी ती भिंत सुमारे ३४ फूट उंच केली. लोकांनी तिला नाव ठेवलं खुनशी भिंत.

ही हकिगत वाचताना माझा संशोधन-प्रश्न बदलला. आता मला विचारायचं होतं की स्टेडियमच्या काठावर कमावण्याची संधी कोणाला मिळते आणि ते कोण ठरवतं. सामना आत होतो, पण भूक, तहान, वाट बघणं, जिंकल्याचा जल्लोष आणि हरल्यावरची बडबड हे सगळं काठावर घडतं. त्या काठावर पैसा असतो. शाइब पार्कमध्ये त्यासाठी मालक आणि शेजारी यांच्यात भांडण झालं. भांडण व्हायला शेजारी असावे लागतात ना!

जुन्या दिवसांचे उमाळे इथे आवरा बरं का. त्या वस्तीत गाड्या लावायला जागा नव्हती, शेजाऱ्यांना आणि प्रेक्षकांना एकमेकांचा त्रास होता, मैदान मोडकळीला आलं होतं. १९७१ मध्ये बेसबॉल संघ दक्षिणेच्या टोकाला नव्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये गेला, त्याला कारणं होती. पण गेला तो अशा ठिकाणी, जिथे गच्ची असलेले शेजारीच नव्हते. पुढे ते स्टेडियमही २००४ मध्ये सुरुंग लावून पाडलं आणि तिथे पार्किंग झालं. एकेक करत सगळे खेळ एका जागी गोळा केले गेले. प्रत्येक निर्णय त्या वेळी सोयीचा होता. सगळ्यांची मिळून जी जागा झाली, तिच्यात काठ उरला नाही.

जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की एकाच कामासाठी राखलेला मोठा भूभाग स्वतःच्या कडा मारतो. तिथून सहज कोणी जात नाही, म्हणून दुकान चालत नाही, आणि दुकान नाही म्हणून कोणी जात नाही. फिलाडेल्फियाचा हा भाग याचं जिवंत उदाहरण आहे.

आता संकुलाकडे परत या. माझी त्याच्यावरची टीका आज अशी आहे: मेलेली कड जिवंत करण्याचं काम ज्याच्या हातात अरीना आहे त्यालाच मिळालं आणि त्याने ती कड स्वतःच्याच छपराखाली बांधली. १९३५ मध्ये शेजाऱ्याची कमाई रोखायला भिंत घालावी लागली होती. २०१२ मध्ये भिंतीची गरज नव्हती, मालक स्वतःच शेजारी झाला. कोपऱ्यावरच्या बारमध्ये जुन्या संघाचे फोटो असतात, कारण बारवाल्याने तो संघ पाहिलेला असतो. इथे 'बुलीज' हे नाव पाटीवर आलं ते ब्रँड म्हणून, आणि ब्रँड बदलता येतो. संकुलाचं स्वतःचं नाव बदललंच की. वाईट बांधकाम किंवा महाग बीअर ही माझी तक्रार नाही. 'लाइव्ह' या शब्दात शहराच्या रस्त्याचा जो दावा आहे, तो ही जागा पुरा करत नाही. रस्त्यावर कोणीतरी तिसरा माणूस छोटं दुकान टाकू शकतो, आणि इथे ती फट ठेवलेली नाही.

दोन गोष्टी ज्या मला दिसल्याच नव्हत्या

पहिली, पार्किंग. मी त्याला रिकामी जागा म्हणून मोकळी झाले होते. फुटबॉलच्या दिवशी सकाळी जाऊन बघा. लोक गाडीची डिकी उघडतात, शेगडी पेटवतात, खुर्च्या मांडतात आणि अनोळखी माणसाच्या हातात सॉसेज ठेवतात. याला टेलगेटिंग म्हणतात. संकुलाचा खरा प्रतिस्पर्धी हा आहे. इथे पार्किंगचे पैसे भरावे लागतात, शिवाय दारू आणि आरडाओरडाही भरपूर असतो, पण कोणी आखून न दिलेला शेजार काही तासांपुरता उभा राहतो. पुस्तकात "पार्किंग म्हणजे मृत जागा" असं वाचून गेलं की हे डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या पलीकडे, एफडीआर पार्कमध्ये. १९८० च्या दशकात कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम या देशांतून आलेली निर्वासित कुटुंबं तिथे जमायची, घरचं शिजवून आणायची. हळूहळू त्याचा बाजार झाला: सळीवर भाजलेलं मांस, कच्च्या पपईची कोशिंबीर, उसाचा रस. बरीच वर्षं परवाना नव्हता, त्यामुळे पळापळ आणि दंडाची भीती. अलीकडे विक्रेत्यांनी संघटित होऊन शहराच्या उद्यान विभागाशी रीतसर व्यवस्था लावून घेतली आणि आता मोसमात शनिवार-रविवारी तो उघडपणे भरतो.

म्हणजे एकाच स्टेशनच्या दोन बाजूंना खाण्यापिण्याच्या दोन जागा. एक भांडवलातून आली आणि सामन्यांवर जगते. दुसरी गरजेतून आली आणि तिला सामन्याची गरज नाही. ही तुलना माझ्या पायाखाली होती आणि मी लंडनची उदाहरणं शोधत होते!

हे आज का महत्त्वाचं आहे

कारण निर्णय अजून व्हायचे आहेत. २०२२ मध्ये बास्केटबॉल संघाने शहराच्या मध्यभागी, चायनाटाउनला लागून नवा अरीना बांधायचं जाहीर केलं. चायनाटाउनने कडाडून विरोध केला. डिसेंबर २०२४ मध्ये नगर परिषदेने मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये संघानेच ती योजना सोडली. आता तो कॉमकास्टबरोबर दक्षिणेलाच राहणार आहे. त्याआधी, २०२४ मध्ये, याच भागासाठी हॉटेल, घरं, नाट्य-संगीतगृह, दुकानं असा अडीच अब्ज डॉलरचा आराखडा जाहीर झाला होता. या संकुलाचाही मूळ आराखडा प्रत्यक्षात बांधलं गेलं त्यापेक्षा मोठा होता, त्यात हॉटेलही होतं, हे विसरू नका.

अशा आराखड्यांबरोबर रोजगार आणि उलाढालीचे मोठे आकडे येतात. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या 'स्पोर्ट्स, जॉब्स अँड टॅक्सेस' या ग्रंथापासून क्रीडा-अर्थशास्त्रज्ञ एक गोष्ट सतत सांगत आले आहेत: कुटुंबाचा करमणुकीचा खर्च बहुतेक वेळा ठरलेला असतो. स्टेडियमपाशी जेवलेलं कुटुंब त्या आठवड्यात गल्लीतल्या हॉटेलात जात नाही. म्हणजे पैसा नव्याने आला की नुसता जागा बदलून आला, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. बघा, पुन्हा तोच प्रश्न. तुलना कशाशी?

नव्या आराखड्याला मी तीन गोष्टी विचारीन. सामना नसलेल्या मंगळवारी तिथे कोण असेल? संघाशी संबंध नसलेल्या छोट्या दुकानदाराला परवडेल असा गाळा त्यात आहे का? आणि पलीकडच्या बाजारातली विक्रेती बाई रस्ता ओलांडून इकडे आली, तर तिला दुकानदार म्हणून जागा मिळेल की फक्त गिऱ्हाईक म्हणून?

तुमच्यासाठी

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. आधी जागा, मग थिअरी, मग पुन्हा जागा. ठोस सांगायचं तर:

जागेवर निदान तीनदा जा, आणि त्यातली एक वेळ ती जागा निकामी असते ती निवडा. मॉल असेल तर उघडण्याआधी, स्टेडियम असेल तर सामना नसताना.

प्रत्येक आरोपासमोर तुलना लिहा. आधी काय होतं, दुसरीकडे काय आहे, हे झालं नसतं तर काय झालं असतं. यातलं एकही लिहिता येत नसेल तर तो आरोप तूर्त बाजूला ठेवा.

सिद्धान्तातलं जे लक्षण तुमच्या केसला लागू होत नाही, ते आनंदाने नोंदवा. माझ्या चॅप्टरची खरी सुरुवात "दिवसरात्र" या न जुळलेल्या लक्षणापासून झाली. सगळं जुळलं तर तुम्ही फक्त पुस्तकाची पावती फाडली.

मालकीचा कागद बघा. जागा कोणाची, शेजार कोणाचा, नाव कोणाचं.

सराव हवा असेल तर आपल्याकडे चांगली जोडी आहे. चर्चगेटजवळचं वानखेडे वस्तीत आणि लोकलच्या रुळांना लागून आहे, तर पुण्याबाहेरचं गहुंजे द्रुतगती मार्गाच्या कडेला. सामना सुटल्यावर दोन्हीकडे लोक काय खातात, कोणाकडून घेतात, आणि सामना नसताना तो विकणारा कुठे असतो? एवढीच नोंद करा, पानभर. सिद्धान्ताचं नाव एकदाही न घेता.

माझा चॅप्टर आता सव्वीस पानांचा आहे. गाइडने परवा तो पुन्हा परत दिला. या वेळी समासात बऱ्याच दुरुस्त्या आहेत, आणि मला त्याचाच आनंद झालाय.